घर कोणाच्या नावावर? सासू-सुनेच्या भांडणाची जुनी गोष्ट

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, सह्या-अंगठे झाले, की पाच-दहा मिनिटं गप्पांची असतात. त्यात मालिकांचा विषय निघाला नाही असं होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या गटांमध्ये आम्ही बसतो. तिथं मराठी मालिका बघणाऱ्या आहेत, हिंदी बघणाऱ्या आहेत, आणि पाकिस्तानी ‘ड्रामे’ बघणाऱ्याही बऱ्याच आहेत. आपल्या भागात दखनी-उर्दू घराघरांत बोलली जाते, त्यामुळे ती भाषा परकी वाटत नाही. शेजारीण बघते म्हणून बघायला लागलेल्या मराठी बायकासुद्धा आहेत.

या सगळ्या मालिकांमध्ये एक प्रसंग हटकून असतो. सून घराबाहेर काढली जाते. हातात पिशवी, डोळ्यांत पाणी, मागे दार लागलेलं. आपण सासूला शिव्या देतो, नवऱ्याला बुळा म्हणतो आणि उद्याच्या भागाची वाट बघतो. पण ते घर मुळात कोणाच्या नावावर आहे, हे मालिका सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आज आपण तेच विचारू, आणि जरा मागे जाऊन विचारू.

सुरुवात पाकिस्तानी मालिकेपासूनच करू. २०१४ च्या जूनमध्ये आपल्याकडे ‘जिंदगी’ नावाचा चॅनल सुरू झाला. त्यावर तिकडच्या मालिका दाखवायचे. एक ‘जिंदगी गुलजार है’, दुसरी ‘हमसफर’. या मालिका पंचवीस-तीस भागांत संपायच्या. दहा-दहा वर्षं चालणाऱ्या मालिकांची सवय असलेल्या आपल्याला हेच मोठं नवल वाटलं! २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या चॅनलनं पाकिस्तानी मालिका दाखवणं थांबवलं. मग बायका मोबाइलवर यूट्यूबवर बघू लागल्या. २०२५ च्या मे महिन्यात पहलगामच्या हल्ल्यानंतर तेही भारतात बंद झालं. मालिका गेल्या, पण बघितलेलं लक्षात आहे.

‘हमसफर’ची गोष्ट आठवा. खिरद ही सिंधमधल्या हैदराबादची गरीब घरची मुलगी. आई कॅन्सरनं मरणाच्या दारात, म्हणून मामाच्या कराचीतल्या श्रीमंत घरात येते आणि मामाच्या मुलाशी, अशरशी, तिचं लग्न लावून देतात. सासूला, फरीदाला, ही सून नको असते. मामा, म्हणजे सासरा, जिवंत असेपर्यंत सून टिकते. तो गेल्यावर सासू असा डाव रचते की नवऱ्याला बायकोच्या चारित्र्याचा संशय यावा. खिरद गरोदर असताना घराबाहेर काढली जाते. काही वर्षांनी मुलीच्या हृदयाच्या आजारासाठी पैसे मागायला ती परत येते. शेवटी नवऱ्याला खरं कळतं आणि सासूच्या डोक्यावर परिणाम होतो.

आमच्या एका गटात यावर चांगलीच चर्चा रंगली होती. एक म्हणाली, सासू वाईट. दुसरी म्हणाली, नवरा हलक्या कानाचा. तिसरी, जी फार बोलत नाही, ती म्हणाली, “पण सासरा मेल्यावर घर कोणाचं झालं?” खरंच, सगळी गोष्ट तिथंच तर फिरते. सासरा होता तोवर खिरदच्या डोक्यावर छप्पर होतं, कारण तो मामा होता. तिचा स्वतःचा हक्क म्हणून ते छप्पर नव्हतं. कोणाच्या तरी मर्जीवर होतं, आणि मर्जी मेली तसं छप्पर गेलं.

‘जिंदगी गुलजार है’मध्ये हे जास्त उघड आहे. तिथं कशफची आई रफिया. तीन मुलीच झाल्या म्हणून नवऱ्यानं मुलासाठी दुसरं लग्न केलेलं. ती शाळेत नोकरी करून मुलींना वाढवते. कशफ शिकते, मोठी सरकारी अधिकारी होते. तिच्या रागाचं मूळ आईच्या त्या अपमानात आहे. मुलगा नाही म्हणून दुसरी बायको ही गोष्ट सांगायला पाकिस्तानात जायला नको, आपल्या तालुक्यात पुरेशी आहे. या मालिकेची दिग्दर्शक सुलताना सिद्दीकी ही बाई आहे, आणि दोन्ही कथा बायकांनीच लिहिलेल्या आहेत. उमैरा अहमद आणि फरहत इश्तियाक या लेखिका तिकडच्या बायकांच्या मासिकांची वाचकमंडळी चांगली ओळखून आहेत. म्हणजे आपल्यासारख्याच एखाद्या मासिकाच्या वाचक.

आता आपल्याकडे येऊ. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. दिग्दर्शक विजय कोंडके. अलका कुबल सून, उषा नाडकर्णी सासू. जन्मतःच आई गेली म्हणून बापानं अपशकुनी ठरवलेली मुलगी, आणि सासरी छळ. आपल्यातल्या चाळिशीपुढच्या बायकांनी हा सिनेमा आईच्या मांडीवर बसून पाहिलाय. ट्रॅक्टरमध्ये बसून तालुक्याला गेलो, येताना कोणी बोलत नव्हतं, असं आजही सांगतात. ही गोष्ट मुळात राजस्थानी सिनेमाची, ‘बाई चाली सासरिए’ त्याचं नाव. पुढं हिंदीतही तीच आली, ‘साजन का घर’ म्हणून. राजस्थानची सून रडली तेव्हा महाराष्ट्राची रडली. कराचीची रडली तेव्हा खुलदाबादची रडली. भाषा बदलली, कुंकू गेलं, ओढणी आली, पण दाराबाहेरची पिशवी तीच.

नंतर टीव्ही आला. २००१ ते २०१३ अशी बारा वर्षं ‘चार दिवस सासूचे’ चालली. तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडी सासू, कविता लाड सून. नाव म्हणीतलं. म्हण तुम्हाला पाठ आहे: चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. या म्हणीवर आमचं थोडं भांडण आहे. म्हण सांगते की आज तू सोस, उद्या तुझी पाळी येईल. पाळी कशाची? किल्ल्यांची. कमरेच्या जुडग्याची, धान्याच्या कोठीची, दुधाच्या पैशांची. घराची पाळी कुणाचीच येत नाही. किल्ल्या सासूकडून सुनेकडे येतात, पण घरपट्टीच्या पावतीवरचं नाव सासऱ्याकडून मुलाकडे जातं. दोन बायका जुडग्यासाठी चाळीस वर्षं भांडतात आणि कागद तिसऱ्याच्या पेटीत असतो. मालिकेत जुडगा दिसतो, पेटी कधी दाखवत नाहीत.

नाही म्हणायला ‘अग्गंबाई सासूबाई’ ही वेगळी निघाली. २०१९ ला सुरू झाली. सूनच पुढाकार घेऊन सासूचं दुसरं लग्न लावते. निवेदिता सराफ सासू, तेजश्री प्रधान सून. बघायला छान वाटलं. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायकाही हसत हसत बघायच्या, आणि बघून झालं की म्हणायच्या, “टीव्हीतच बरं दिसतं बाई.”

टीव्ही नव्हता, सिनेमा नव्हता, तेव्हा जातं होतं. पहाटे उठून दळताना बायका ओव्या म्हणायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. त्यात देव आहेत, लेकरं आहेत, भाऊ आहे, आणि सासर-माहेर तर जागोजागी आहे. बाईला दिवसभरात बोलायला जागा नव्हती. जात्यापाशी ती बोलायची, आणि जात्याचा आवाज इतका की दुसऱ्या खोलीतल्या सासूला ऐकूच जाऊ नये. गंमत म्हणजे पुष्कळदा सासू जात्याच्या पलीकडचा खुंटा धरून बसलेली असायची. दोघी मिळून दळायच्या आणि दोघीही आपापल्या सासरचं गायच्या.

आपली भाषाही बघा. ‘सासुरवास’ हा शब्द फोडला तर सासरी वास करणं, सासरी राहणं एवढाच निघतो. पण सासुरवास म्हटलं की कोणी राहणं समजत नाही, छळच समजतो. राहणं आणि छळ सोसणं एकच झालं. दुसरा शब्द ‘नांदणं’. सुखानं नांद, असा आशीर्वाद आपण देतो. आणि बाई माहेरी आली की पंच विचारतात, “नांदायला का जात नाही?” आशीर्वादाचा शब्द हुकमाचा कधी झाला, कळलंच नाही.

या नांदण्यावरून सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईत फार मोठा खटला झाला. रखमाबाई हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पुढं डॉक्टर झाल्या त्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या आई आणि सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या, घरीच राहिल्या. शिकत होत्या. वाढल्यावर नवरा, दादाजी भिकाजी, नांदायला ये म्हणाला. रखमाबाईंनी नकार दिला. दादाजी स्वतः मामाच्या आश्रयाला राहत होता, आणि त्या घरातलं वातावरण त्यांना मान्य नव्हतं. १८८४ मध्ये त्यानं कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला: अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी मोठ्या बाईला जबरदस्तीनं पाठवता येणार नाही. केवढा गहजब झाला! अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि आयुष्यभर सुरत-राजकोटकडे बायकांच्या दवाखान्यांत काम केलं.

बहुतेक जण ही गोष्ट शिक्षणाची म्हणून सांगतात. आम्हाला तिच्यातला एक कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. रखमाबाई लहान असताना त्यांचे वडील वारले. वडिलांची मिळकत आईकडे आली, आणि आईनं दुसरं लग्न करताना ती मुलीच्या नावावर करून दिली. नवऱ्याचा डोळा त्या मिळकतीवर आहे, असं रखमाबाईंचं म्हणणं होतं. म्हणजे नावावर काहीतरी होतं म्हणून त्यांच्यासाठी कोर्टात भांडणं झालं, आणि नावावर काहीतरी होतं म्हणूनच त्या “नाही” म्हणून टिकू शकल्या. जिच्या नावावर काहीच नव्हतं अशा त्या काळच्या हजारो बायका नाही म्हणाल्याही असतील, पण त्यांचं कोणी लिहून ठेवलं नाही.

त्याच सुमाराला, १८८२ मध्ये, आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. सगळे दोष बाईच्या माथी का, असा सरळ सवाल त्यांनी पुरुषांना केला. बुलढाणा आपल्यापासून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या आतलं गाव. मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि ते १९४८ पर्यंत राहिलं, त्यामुळे मुंबईतल्या खटल्यांचा आवाज इकडं उशिरा आला.

पुढचे कायदे भराभर सांगतो, कारण त्यांतले काही तुम्ही शिबिरात ऐकलेत. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ चा. सासरच्या छळासाठीचं ४९८-अ कलम १९८३ चं. हे कलम फौजदारी होतं. पोलीस येणार, अटक होणार. पण अटक झाली की सुनेला त्या घरात परत जाता येत नव्हतं. बाईला नवरा तुरुंगात नको असायचा, तिला आपल्या खोलीची कडी आतून लावता यायला हवी असायची.

ती सोय झाली २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात लिहिलंय की बाई ज्या सामाईक घरात राहते तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. सासुरवासातला ‘वास’ इथं पहिल्यांदा हक्क म्हणून लिहिला गेला. आणि हा कायदा हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिश्चन, सगळ्या बायकांना लागू आहे. गटात हे आम्हाला वारंवार सांगावं लागतं.

पण लागू होऊन दोनच महिने झाले आणि गाडी अडली. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घर सासूच्या नावावर आहे, नवऱ्याच्या नाही. म्हणून ते सामाईक घर नाही, म्हणून सुनेचा हक्क नाही. मग काय, वाट सापडली. घर आईबापाच्या नावावर ठेवायचं, आणि सून नकोशी झाली की आईबापांनी म्हणायचं, आमच्या घरातून निघ. कागदावरचा मालक बदलला की हक्क संपला. खिरदचं घर असंच होतं की नाही?

हे चौदा वर्षं चाललं. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो जुना निकाल चुकीचा ठरवला. त्या खटल्यात घर सासऱ्याच्या नावावर होतं आणि सुनेला काढण्यासाठी सासऱ्यानंच दावा लावला होता. कोर्ट म्हणालं, सून घरात राहत आली असेल तर घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं. सासू-सासरे म्हातारे आहेत, त्यांनाही शांतपणे जगू द्यायचं आहे, हेही कोर्टानं बघायला सांगितलं. म्हणजे कायमचं आणि कसंही राहता येईल असा हा हक्क नाही, गरज पडली तर दुसऱ्या घराची किंवा भाड्याची सोय करायला सांगता येते. पण पिशवी देऊन दार लावता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक निकाल आला: ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा हा हक्क डावलता येणार नाही.

आपल्या मराठवाड्यातलाही एक निकाल सांगायला हवा. लातूरकडचं एक पठाण कुटुंब. बायकोनं पोटगी मागितली की नवऱ्यानं कोर्टात म्हणायचं, मी तर हिला आधीच तलाक दिलाय. मे २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानं ठरवलं की नुसतं म्हणून भागणार नाही. तलाकला कारण काय होतं, दोन्हीकडचे मध्यस्थ बसले होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्यानं सिद्ध करायचं. तीन तलाकवरचा कायदा २०१९ मध्ये आला. त्याच्या सतरा वर्षं आधी आपल्या शहरातल्या इमारतीत हे लिहिलं गेलं होतं. त्या खटल्यावर कुणी मालिका काढली तर आमचे सगळे गट टीव्हीसमोर बसतील.

कोर्टाबाहेरही प्रयत्न झाले. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं. शरद जोशींनी पुढं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्यानं जमिनीचा काही भाग स्वतःहून बायकोच्या नावावर करावा. अनेक गावांनी केला. आमच्या भागात आजही एखादी आजी सातबाऱ्यावर आपलं नाव बोट लावून दाखवते, वाचता येत नसलं तरी ओळ ओळखते. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत तर ग्रामीण घरकुल नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर द्यायचं असा नियमच आहे. तरीही ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढून बघा. आपलं नाव आहे का, आणि असलं तर बरोबर लिहिलंय का. आम्ही गटांसोबत गेलो तेव्हा एका बाईचं माहेरचंच नाव लागलेलं सापडलं, एकीचं नाव होतं पण दिराच्या घराला.

आता सासूबद्दल. आमच्या गटांत सुना आहेत तशा सासवाही आहेत, आणि या विषयावर बोललं की त्या गप्प बसतात. त्यांना वाटतं, सगळा कायदा सुनेचा. तसं नाही. ज्या सतराव्या कलमाबद्दल आपण बोललो त्यात ‘सून’ हा शब्द नाही. ‘प्रत्येक स्त्री’ असं आहे. म्हातारपणी मुलानं आईला ओसरीत किंवा गोठ्यात टाकलं तर तीही याच कायद्याखाली अर्ज करू शकते. फक्त पूर्वी तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता यायची. मुंबईतल्या एका आईनं आणि तिच्या लेकीनं मुलाविरुद्ध, सुनेविरुद्ध तक्रार केली होती, ती या शब्दावर अडकली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ‘प्रौढ पुरुष’ शब्दच कायद्यातून काढून टाकला. आता सुनेला सासूविरुद्ध जाता येतं आणि सासूला सुनेविरुद्धही.

अर्ज करायला वकील लागत नाही. संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे घडलेलं सांगायचं, ते घटनेचा अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. तारखा लांबतात हे आम्हीही बघतो. राहण्याच्या आदेशाची मागणी अर्जातच लिहायला सांगा. पुष्कळ अर्जांत मारहाण लिहिलेली असते, पोटगी लिहिलेली असते, आणि घर लिहायचं राहून जातं. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तो मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि रात्री-बेरात्री दार लागलंच, तर महिलांसाठीचा १८१ हा फोन नंबर लावा. जाताना पिशवीत कपड्यांच्या आधी आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा फोटो किंवा निकाहनामा, आणि त्या पत्त्यावर आलेलं एखादं वीजबिल टाका. आपण त्या घरात राहत होतो, हे दाखवायला तेच लागतं.